डीकेए झालेल्या मुलांचं लॅक्टेट: न मागता मिळणारा आकडा

रातपाळी (धागाकर्ती)

मुलांच्या आयसीयूत काम करते. डीकेए म्हणजे डायबेटिक कीटोॲसिडोसिस: मधुमेहात इन्सुलिन नसल्याने चरबी जळून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठणं. परवा रात्रीची एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

नऊ वर्षांची मुलगी, वजन २८ किलो. तीन आठवड्यांपासून सारखी तहान, सारखी लघवी, दोनदा अंथरूण ओलं. वजन उतरलं तर घरच्यांना वाटलं उंची वाढतेय. मग दोन दिवस उलट्या, पोटदुखी. आली तेव्हा श्वास दारातून ऐकू येत होता. खोल, एका लयीत, न थांबणारा. साखर ५४०, शिरेतल्या रक्ताचा पीएच ७.०६, बायकार्ब (रक्तातलं आम्ल शोषणारा क्षार) ६, कार्बन डायऑक्साइड २२. निदानावर कोणाचं दुमत व्हायचा प्रश्नच नव्हता.

पहिलं सलाईन सुरू होतंय तोवर ज्युनियर रक्तातल्या गॅसच्या तपासणीचा कागद घेऊन पळत आला. बोट पीएचवर नाही, बायकार्बवर नाही. शेवटच्या ओळीवर. लॅक्टेट (पेशी साखर फोडताना बनणारा पदार्थ) ४.३, शेजारी वर जाणारा बाण. "मॅडम, सेप्टिक शॉक (जंतुसंसर्गाने रक्ताभिसरण ढासळणं) असेल का? अजून एक बोलस (थोड्या वेळात एकदम दिलेलं सलाईन) देऊ? अँटिबायोटिक सुरू करू?"

मी त्याला म्हटलं, कागद ठेव आणि मुलीकडे बघ. बीपी ११८/७६. नाडी १३८, पण मनगटावर भरलेली लागत होती. ताप नाही. झोपाळलेली, पण नाव विचारलं की सांगत होती, आणि सुई टोचली तेव्हा मला चांगलं झापलंन. हातपाय मात्र गार. प्रोटोकॉलप्रमाणे किलोला १० मिली सलाईन अर्ध्या तासात दिलं, पुढचं हिशेबाने, तासाभराने इन्सुलिन. लॅक्टेटसाठी म्हणून जादा काही दिलं नाही.

सकाळी राउंडला सरांनी विचारलं, "लॅक्टेट का पाठवलंस?" पाठवलं नव्हतं, मशीन आपणहून देतं. "बरं, मग आलेल्या आकड्याचं काय केलंस?" इथे माझी गाडी अडली. काहीच केलं नाही हे खरं, पण ते समजून केलं नाही की नशिबाने खपून गेलं, हे माझं मलाच सांगता येईना.

तर प्रश्न असा: डीकेएत मुलांचं लॅक्टेट का वाढतं, आणि त्या आकड्यावरून उठून काही करायचं ते कधी?

---

जुना स्टेथो

नशीब नव्हे. पण "का" हे माहीत नसेल तर पुढच्या वेळी कोणीतरी दटावून बोलस द्यायला लावेल, म्हणून लिहितो.

डीकेएत लॅक्टेट वाढलेलं असणं हा अपवाद नाही, नेहमीचीच गोष्ट आहे. २०१२ साली प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात निम्म्याहून जास्त रुग्णांचं लॅक्टेट २.५ च्या वर होतं. मुलांवरचे अभ्यास लहान आहेत, बहुतेक जुने केसपेपर काढून केलेले, पण चित्र तेच दिसतं. गंमत अशी की लॅक्टेटचं नातं साखरेशी दिसतं: साखर जितकी चढी तितकं लॅक्टेट चढं. आणि जास्त लॅक्टेटवाल्यांची गत पुढे वाईट झाली, असं मात्र ठामपणे दिसलेलं नाही.

का वाढतं? आपल्या सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून एकच कारण बसलंय: ऑक्सिजन कमी पडला की लॅक्टेट. डीकेएत तेही असतं. पाणी कमी झालेलं असतं, रक्तपुरवठा आखडतो. पण तेवढ्यावर भागत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मूल तणावात असतं, शरीर ॲड्रेनॅलिन ओतत असतं. ॲड्रेनॅलिन स्नायूंना सांगतं, ग्लायकोजेन (साठवलेली साखर) फोडा, ग्लायकोलिसिस (साखरेचं पायरुवेट करण्याची क्रिया) पळवा. पायरुवेटचा लोंढा येतो. तो पुढे मायटोकॉन्ड्रियात जायचा तर दारावर पायरुवेट डीहायड्रोजिनेज हे एंझाइम उभं. इन्सुलिन नाही आणि चरबी जोरात जळतेय, म्हणजे ते दार जवळजवळ लावलेलं. लोंढा तुंबला की पायरुवेटचं लॅक्टेट होतं. ऑक्सिजन भरपूर असला तरी होतं.

हे लॅक्टेट वाया जात नाही, यकृत त्याची परत साखर करतं. कोरी दांपत्याने शोधलेलं चक्र ते हेच, १९४७ चं नोबेल. इन्सुलिन नसताना यकृत साखर बनवायला नुसतं टपलेलंच असतं. म्हणजे साखर चढलेली म्हणून लॅक्टेट, आणि लॅक्टेट आहे म्हणून अजून साखर.

गार हातपायांबद्दल: त्या खोल श्वासाने कार्बन डायऑक्साइड २२ वर आलाय. तो उतरला की त्वचेच्या रक्तवाहिन्या आखडतात. त्यामुळे डीकेएत नुसत्या गार हातांवरून किंवा नखाचा रंग परत यायला लागणाऱ्या सेकंदांवरून शॉक म्हणू नये. आणि या मुलांचं बीपी पुष्कळदा वयाच्या मानाने जरा जास्तच असतं. तुझ्या मुलीचं ११८/७६ बघ ना.

---

शंकासुर

वाचनखूण साठवली. पण पटलं नाही, म्हणून आडवा येतो.

सेप्सिसच्या मुलात लॅक्टेट ४ आलं तर सगळे धावतात. डीकेएच्या मुलात ४ आलं तर "असतंच हो". आकडा तोच, रेणू तोच. मग एका आजारात धोक्याची घंटा आणि दुसऱ्यात दाराची बेल, हे कसं?

आणि दुसरं, समजा चुकून थोडं जास्त सलाईन गेलं, बिघडलं काय? पाणी कमी झालेलंच आहे ना.

---

रातपाळी

शंकासुर, पहिल्याला आकड्यांनीच उत्तर देते. काल रात्री बसून तिचा हिशेब मांडला.

सोडियम १३१, क्लोराइड ९६, बायकार्ब ६. ॲनायन गॅप, म्हणजे सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा करून उरणारा, न मोजलेल्या आम्लांचा अंदाज: १३१ वजा १०२, २९. नेहमीचा १२ धरला तर १७ जास्तीचे. हे १७ कुठून आले? रक्तातलं बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजलं होतं, ९ च्या आसपास. त्याचा भाऊ ॲसिटोॲसिटेट आपण मोजत नाही, पण डीकेएत तो साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी असतो, ३ धरू. झाले १२. लॅक्टेट ४.३ मधून नेहमीचं एक वजा केलं की ३ च्या थोडं वर. झाले १५. उरलेले दोन फॉस्फेट, सल्फेट वगैरे चिल्लर, किंवा माझ्या अंदाजातली चूक.

म्हणजे त्या पीएच ७.०६ मागे मुख्य हात कीटोनचा, लॅक्टेट पाचवा हिस्सासुद्धा नाही. ज्युनियरने बोट ठेवलं ते छोट्या चोरावर. हेच लॅक्टेट ९ असतं आणि कीटोन २, तर चित्र उलटं झालं असतं आणि मीही धावले असते.

सेप्सिसबद्दल एक भर. मुलांच्या सेप्सिससाठीच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येसुद्धा, नुसत्या लॅक्टेटवरून मुलांची कमी धोका-जास्त धोका अशी विभागणी करावी की नाही, यावर शिफारस करता आली नाही असंच लिहिलंय. तिथेही तो एकटा आकडा राजा नाही.

दुसरा प्रश्न, जास्त सलाईनचा. आधी वाटायचं जोरात सलाईन दिलं की मेंदूला सूज येते. २०१८ मध्ये १३ केंद्रांवरचा मोठा अभ्यास आला, मुलांचे १३८९ डीकेए. हळू द्या की जोरात, ०.४५ टक्के द्या की ०.९, मेंदूच्या परिणामांत लक्षणीय फरक सापडला नाही. त्यामुळे ती भीती बरीच उतरली. पण याचा अर्थ लॅक्टेट शून्यावर येईस्तोवर ओतत राहा असा नाही. सलाईनमध्ये क्लोराइड रक्तापेक्षा खूप जास्त असतं. ओतत गेलं की कीटोन संपतात आणि क्लोराइडमुळे बायकार्ब खालीच राहतं. मग कोणीतरी म्हणतं ॲसिडोसिस (रक्तातलं जास्तीचं आम्ल) अजून आहे, अजून सलाईन लावा. ही गोल गोल फेरी मी पाहिली आहे.

---

काचनळी

प्रयोगशाळेतून बोलतोय. तुमचं शास्त्र छान चाललंय, पण तो ४.३ आला कुठून ते कोणी विचारलंच नाही.

रडणारं, हातपाय झाडणारं मूल. दंडाला पट्टा आवळून पाच मिनिटं शीर शोधताय. मूठ आवळलेली. शेवटी दोन थेंब पिळून काढलेत. यात लॅक्टेट वाढणारच, त्या हातातल्या स्नायूंनी तयार केलंय ते. मग सिरिंज खिशात, फोन आला, लिफ्ट थांबली. लाल पेशींना मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्या नळीतही साखर खातच राहतात आणि लॅक्टेट सोडत राहतात. साध्या खोलीच्या तापमानाला अर्ध्या तासात लक्षात येण्याइतका फरक पडतो. पांढऱ्या पेशी खूप वाढल्या असतील तर जास्तच, आणि डीकेएत त्या जंतुसंसर्ग नसतानाही वाढलेल्या असतात.

प्रयोगशाळेत पाठवायचं असेल तर राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी, शक्यतो बर्फात. फ्लोराइड ग्लायकोलिसिसच्या शेवटाकडच्या एका पायरीवर बोट ठेवतं, त्यामुळे लॅक्टेट बनणं लवकर थांबतं. साखर मात्र पुढे तासभर उतरत राहते, कारण आधीच्या पायऱ्या चालूच असतात. त्याच नळीतून दोन्ही मागवता तेव्हा हे लक्षात असू द्या.

अवांतर: मशीन फक्त एल-लॅक्टेट मोजतं. डीकेएत मिथाइलग्लायॉक्झलच्या वाटेने डी-लॅक्टेटही (त्याच रेणूचं आरशातलं रूप) थोडं तयार होतं, ते आमच्या आकड्यात येतच नाही. रातपाळी, तुमच्या हिशेबातल्या त्या दोन चिल्लरमध्ये तेही असेल.

---

दोन थेंब

मी डॉक्टर नाही. सात वर्षांच्या मुलाचा बाप आहे, चार महिन्यांपूर्वी त्याला डीकेए होऊन टाइप १ मधुमेह निघाला. हा धागा वाचताना घाम फुटला म्हणून लिहितोय. काल रात्री झोप नाही.

त्याची फाइल काढली. पहिल्या रिपोर्टमध्ये लॅक्टेट ३४ लिहिलंय. चौतीस! तुम्ही इथे ४ वरून चर्चा करताय. आम्हाला कोणी काहीच बोललं नव्हतं. तो आता ठीक आहे, शाळेत जातो, मस्ती करतो. पण ३४ म्हणजे आत काही नुकसान झालं असेल का? मेंदूला?

---

काचनळी

दादा, आधी श्वास घ्या. ३४ च्या पुढे एकक काय छापलंय? "मिग्रॅ प्रति डेसीलिटर" असं असणार. इथे सगळे मिलिमोलमध्ये बोलतायत. लॅक्टेटसाठी ९ ने भागायचं. ३४ भागिले ९, साधारण ३.८. तुमच्या मुलाचं लॅक्टेट या धाग्यातल्या मुलीपेक्षाही कमी होतं.

---

दोन थेंब

हो. एमजी पर डीएल आहे. बारीक अक्षरात.

बसलो जरा. धन्यवाद.

---

जुना स्टेथो

दोन थेंब, मेंदूचं विचारलंत म्हणून. डीकेएत मुलांच्या मेंदूला सूज येणं हीच खरी भीती असते, ती शंभरात एकाहून कमी मुलांना होते आणि झालीच तर बहुधा उपचाराच्या पहिल्या १२ तासांत. कोणाला जास्त धोका यावर २००१ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास झाला. त्यात सुरुवातीला युरिया जास्त असणं, कार्बन डायऑक्साइड फार उतरलेला असणं आणि बायकार्बोनेटचं इंजेक्शन दिलं जाणं, या गोष्टी पुढे आल्या. धोक्याच्या नेहमीच्या यादीत लॅक्टेट नाही. म्हणून तुम्हाला कोणी त्याबद्दल बोललं नाही. लपवलं नाही, सांगण्यासारखं नव्हतं. चार महिन्यांनी मस्ती करणाऱ्या मुलाच्या त्या एका आकड्याची काळजी तुम्ही सोडा.

तरी मला वाटतं, आम्ही सांगायला हवं होतं. लाल बाण छापलेला कागद हातात द्यायचा आणि तोंडाने काही बोलायचं नाही, मग माणूस रात्री दोन वाजता एकटा बसून शोधणारच.

---

वॉर्डातली

मी नर्स आहे, वीस वर्षं मुलांच्या वॉर्डात. एक राहिलंय.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा दुसरीकडून आमच्याकडे आला. धाप लागलीय म्हणून तिथे दमा समजून साल्ब्युटामॉलचे तीन नेब्युलायझर दिलेले, वर स्टेरॉइडचं इंजेक्शन. छातीत शिट्टी कुठेच नव्हती. मी मास्क काढला तेव्हा तोंडाला तो गोडसर, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास आला. साखर बघितली तर ग्लुकोमीटरवर आकडाच नाही, नुसतं "हाय". त्याचं लॅक्टेट ६ च्या वर होतं, आणि सगळे शॉक, शॉक म्हणत होते.

साल्ब्युटामॉल ॲड्रेनॅलिनसारखंच वागतं ना, सर? आमच्या डॉक्टरांनी तेव्हा तसंच सांगितलं होतं. नेब्युलायझर बंद, डीकेएचे उपचार सुरू, चार तासांत लॅक्टेट अर्ध्यावर आलं. पण पोटॅशियमही साल्ब्युटामॉलने खाली ओढलेलं होतं आणि इन्सुलिन अजून खाली नेणार होतं, तर आमचा सगळा जीव त्या पोटॅशियममध्ये अडकला होता. रात्रभर मॉनिटरवर ईसीजीतली टी लाट बघत उभी होते.

म्हणून आता मी आलेल्या प्रत्येक धाप लागलेल्या मुलाचं बोट टोचते. कोणी सांगो न सांगो.

---

जुना स्टेथो

सिस्टर, अगदी बरोबर. साल्ब्युटामॉलने ऑक्सिजनची कमतरता नसताना लॅक्टेट वाढतं, वाट तीच, वर लिहिलेली. आणि तुमची बोट टोचण्याची सवय या अख्ख्या धाग्यापेक्षा कामाची आहे.

---

शंकासुर

+१ सिस्टरना.

आता मला सांगा, रिंगर लॅक्टेटचं काय? लॅक्टेट आधीच वाढलेलं, आणि बाटलीवर ठळक अक्षरात लॅक्टेट. हे म्हणजे आगीत तेल नाही का?

---

रातपाळी

हा प्रश्न दर बॅचला येतो. मीही विचारला होता.

बाटलीत आहे ते सोडियम लॅक्टेट, लिटरला २८ मिलिमोल. लॅक्टिक ॲसिड नव्हे. लॅक्टेटच्या मुळाबरोबर सोडियम आहे, हायड्रोजन नाही, त्यामुळे त्याने रक्त आंबट होत नाही. उलट यकृत ते वापरून टाकतं तेव्हा बायकार्ब मिळतं. यकृत धड असेल तर रक्तातला आकडाही फारसा हलत नाही. हलला तर आधी बघायचं, ज्या हातात ड्रिप आहे त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने कोणी रक्त काढलं का. ते रक्त नव्हे, अर्धी बाटलीच असते.

डीकेएत सुरुवातीला बहुतेक ठिकाणी ०.९ टक्के सलाईनच वापरतात, पण रिंगर लॅक्टेटसारखी संतुलित द्रावणंही चालतात. नावाला घाबरून नको म्हणायचं कारण नाही.

---

जुना स्टेथो

आता "कधी उठायचं" या भागाकडे येतो, तो अजून कोणी घेतला नाही.

पहिला आकडा किती, यावर मी फार वेळ घालवत नाही. दुसरा आणि तिसरा बघतो. पाणी आणि इन्सुलिन मिळालं की कीटोनच्या बरोबरीने लॅक्टेट उतरायला हवं. बहुतेकांत काही तासांत ते २ च्या आसपास येतं. न उतरणारं, किंवा आधी उतरून परत चढणारं लॅक्टेट मला खुर्चीतून उठवतं. आणि अजून एक गोष्ट: गोष्टीत न बसणारं मूल. डीकेएने ताप येत नाही. ताप असेल, बीपी पडत असेल, पीएच सुधारतोय तरी मूल सुस्तावत असेल, तर लॅक्टेट २ असलं तरी मी कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी) घेतो आणि अँटिबायोटिक देतो. तिथे आकड्याची परवानगी मागत बसत नाही.

एक मुलगी आठवते. पंधरा वर्षांची, टाइप १ जुना, साखर कधीच ताब्यात नाही, वर्षातून दोन-तीनदा डीकेए. वयाच्या मानाने बुटकी, पोट पुढे. कीटोन छान उतरत होते, पीएच ७.३२ वर आला, मुलगी उठून मोबाइल बघत बसलेली, आणि लॅक्टेट ३ वरून ५, ५ वरून ५.८. नमुना दोनदा पट्टा न बांधता घेतला. तेच. सगळ्यांच्या डोक्यात सेप्सिस, आतड्याचा रक्तपुरवठा, काय काय. मी पोटावर हात ठेवला तर यकृत बरगडीखाली चार बोटं.

ते यकृत ग्लायकोजेनने ठासून भरलं होतं. साखर चढलेली आणि इन्सुलिनचे झटके अधूनमधून, असं वर्षानुवर्षं झालं की यकृत साखर कोंबून ठेवतं आणि ती मोकळी करणं त्याला जमत नाही. पिएर मोरियाक या फ्रेंच डॉक्टरांनी १९३० मध्ये असं मूल पहिल्यांदा वर्णन केलं, त्यांच्याच नावाने सिंड्रोम आहे. अशा मुलांत डीकेएचा उपचार सुरू केल्यावरही लॅक्टेट चढं राहू शकतं, चढूही शकतं, आणि मूल मात्र ठणठणीत बसलेलं असतं. तिला आम्ही जास्तीचं काही दिलं नाही. इन्सुलिन नीट बसवलं. काही महिन्यांनी यकृत हाताला लागेना, एंझाइम्सही ठिकाणावर.

आणखी दुर्मिळ कारणं आहेत. थायमिन कमी असेल तर तेच दारावरचं एंझाइम लंगडं पडतं, आणि इतकी लघवी होताना पाण्यात विरघळणारं ते जीवनसत्त्व वाहून जातच असतं. मधुमेहाबरोबर बहिरेपणा असेल तर मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराचा विचार डोक्यात यायला हवा. टाइप २ चा किशोर मेटफॉर्मिन घेत असेल आणि मूत्रपिंड बसलं असेल तर तेही. ही यादी रोज रात्री काढायची नाही, लॅक्टेट हट्टाला पेटलं की काढायची.

---

काचनळी

सरांच्या हट्टी लॅक्टेटमध्ये माझी एक भर. मूल अँटिफ्रीझ, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल प्यायलं असेल तर त्याचं ग्लायकोलेट काही मशीनना लॅक्टेटच वाटतं आणि आकडा भलताच मोठा येतो. दुसऱ्या पद्धतीच्या मशीनवर तेच रक्त घातलं की तो उतरतो. डीकेएत भेटणार नाही बहुधा, पण कीटोन नाहीत, गॅप प्रचंड आणि लॅक्टेट अचाट असं दिसलं तर आम्हाला फोन करा. आम्हालाही कोणी फोन केला की बरं वाटतं.

---

दोन थेंब

सगळं वाचलं, निम्मं समजलं. मोरियाक वाचून मुलाच्या पोटाला हात लावून बघितला, तो म्हणाला गुदगुल्या होतात.

एकच व्यावहारिक प्रश्न. घरी लॅक्टेट मोजायचं का? खेळाडू वापरतात तसं मशीन मिळतं असं दिसलं.

---

रातपाळी

नको. खरंच नको, तुमची अजून एक झोप जाईल.

घरी मोजायचे ते कीटोन, आणि जमलं तर रक्तातले. लघवीची पट्टी ॲसिटोॲसिटेट दाखवते, डीकेएतलं मुख्य आम्ल बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट तिला दिसतच नाही. बरं होताना ते ॲसिटोॲसिटेटमध्ये बदलतं, त्यामुळे मूल सुधारत असताना पट्टी जास्तच जांभळी दिसू शकते. रक्तातले ०.६ च्या खाली ठीक. १.५ च्या वर गेले तर तुमच्या टीमला फोन. ३ किंवा वर, किंवा उलट्या थांबत नाहीत, किंवा श्वास खोल झाला, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय. आजारी असताना जेवला नाही तरी लांब परिणामाचं इन्सुलिन बंद करायचं नाही. डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, माझ्याकडून नाही.

---

शंकासुर

मान्य. घंटा आणि बेल एकाच तारेवर असतात, दारात कोण उभं आहे ते उठून बघावं लागतं. आता मूळ मुलीचं सांगा, अर्धवट सोडलीत.

---

रातपाळी

हो, राहिलंच. चार तासांनी पीएच ७.१५, लॅक्टेट २.६. बारा तासांनी सोडियम १३९, क्लोराइड ११४, बायकार्ब १४, म्हणजे गॅप ११. लॅक्टेट १.४. पीएच ७.२८ होता आणि ज्युनियर परत कागद घेऊन आला, बायकार्ब अजून कमी आहे म्हणून. या वेळी मी काही बोलले नाही, पेन दिलं. त्याने गॅप काढला, क्लोराइडखाली रेघ मारली आणि कागद तिच्या फाइलला लावून टाकला. दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली, आता स्वतःचं बोट स्वतः टोचते.

काचनळींचं वाचून आमच्या डीकेएच्या तक्त्यात लॅक्टेटच्या शेजारी एक रकाना वाढवला: नमुना कसा घेतला. काल रात्रीच्या नव्या मुलाची नोंद सकाळी बघितली. "३.४. शीर, पट्टा बांधून, खूप रडत होता. नाडी भरलेली, ताप नाही." खाली दोन तासांनी त्याच अक्षरात, "१.९. लाइनमधून, पट्टा नाही, झोपलेला." मधल्या वेळात मला एकदाही फोन आला नव्हता.